बांधावर ठेवलेला शर्ट

हे लिहिण्याचा मला काय अधिकार, असे मी गेले काही महिने स्वतःला विचारते आहे आणि समाधान होईल असे उत्तर अद्याप मिळालेले नाही. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. फळ्यावर लिहिले, उत्तरपत्रिकांच्या समासात लिहिले, रजेचे अर्ज लिहिले. यापलीकडे लेखन म्हणावे असे माझ्या हातून काही घडलेले नाही. वर्गातल्या मुलांसमोर माझा आवाज ठीक असे, परंतु वर्गाबाहेर चार मोठ्या माणसांत बोलायची वेळ आली की मी मागे सरते. तेव्हा ही जी धिटाई मी उतारवयात करते आहे, तिच्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. जे बोलायचे होते ते त्या वेळी, त्या माणसासमोर बोलता आले असते, तर हा कागद मी हाती घेतला नसता.

चित्रकलेतही मी उशिराच आले. निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षे घर आवरण्यात गेली आणि मग ध्यानात आले की घर आवरून संपले आहे. जुन्नरला आठवड्यातून एकदा एक चित्रकार शिकवायला येत. पुण्यातले, नावाजलेले, बोलण्यात अतिशय सौम्य. आम्ही सारे त्यांना सर म्हणत असू. वर्गात आम्ही मोजकेच लोक होतो आणि बहुतेक पिकल्या केसांचे. माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ जुन्नरच्या पेठेत तयार कपड्यांचे दुकान चालवीत. दुकान मुलाकडे सोपवून, नमाज आटोपून, हातात ब्रशांची डबी घेऊन वेळेवर हजर असत. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी जलरंगात काम करी, कारण तैलरंगांचा वास मला सोसत नाही आणि खरे सांगायचे तर त्यांची भीतीही वाटे.

सरांचा आग्रह वास्तववादाचा. एके दिवशी त्यांनी एका जुन्या परदेशी चित्राची मोठी छापील प्रत आणली. कापणी झालेल्या शेतात तीन बायका वाकून, राहिलेली कणसे वेचताहेत. सर म्हणाले, एके काळी चित्रांत देव, राजे आणि सरदार असत. मग काही चित्रकार शेतात गेले आणि त्यांनी राबणारी माणसे जशी होती तशी रंगवली, म्हणून लोक त्यांच्यावर चिडले. "जे दिसते तेच रंगवा. सजवू नका," असे ते म्हणाले. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतले आणि खाली रेघ मारली. विद्यार्थी म्हणून मी आज्ञाधारक आहे.

त्यानंतर सर म्हणाले की आपणही शेतात जाऊ, आणि ओळखीचे शेत कुणाकडे आहे असे विचारले. मी हात वर केला. कधी नव्हे तो.

पौषाचे दिवस होते. जुन्नर काय आणि आंबेगाव काय, त्या दिवसांत जिकडे पाहावे तिकडे कांद्याची लागण चालू असते. डिंगोऱ्याजवळ एका शेतात लागण करणाऱ्या बायकांची टोळी होती आणि ती टोळी जमवणारी बाई माझी विद्यार्थिनी. घर मेंढरे राखणाऱ्यांचे, माहेर लोणीचे. पण मामाकडे राहून ती आमच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली. दिवाळीनंतर आईबाप मेंढरे घेऊन बाहेर पडले की कधी कधी हीही त्यांच्याबरोबर जाई, आणि परत येई तेव्हा नद्यांचे उतार, घाटांची नावे मी शिकवण्याआधीच तिला माहीत असत. सातवीनंतर ती शाळेतून गेली ती गेलीच. आता पन्नाशीला आलेली. पंधरा बायका तिच्या शब्दावर पहाटे पिकअपमध्ये चढतात आणि हंगामात पारगाव-लोणीपर्यंत कामाला जातात. मला ती अजून बाई म्हणते. परवानगी विचारायला फोन केला तेव्हा म्हणाली, "या की बाई. पर आमाला थांबाया न्हाई जमायचं. रोप वाळतं."

ज्यांनी कांद्याची लागण पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगणे भाग आहे. वाफ्यात आधी पाणी सोडतात. त्या चिखलात बायका उकिडव्या बसतात, डाव्या हातात रोपाची जुडी धरतात आणि उजव्या अंगठ्याने एकेक रोप चिखलात दाबत मागे मागे सरकतात. मागेच सरकावे लागते, कारण पुढे लावलेले रोप असते. प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो त्याला पात म्हणतात. सगळ्या पाती एका रांगेत मागे आल्या पाहिजेत. एखादी मागे पडली, कुणाचे पोट दुखले, कुणाचा फोन आला, तर डावी-उजवीकडची न सांगता हात लांब करून तिची पात लावू लागते. यावर कोणी आभार मानत नाही आणि मानले तर हसतात.

या सगळ्या बायका साडीवर पुरुषांचा शर्ट घालतात. लांब बाह्यांचा, मापाने मोठा. माझ्या विद्यार्थिनीचा शर्ट आकाशी होता. तिचा मुलगा चाकणकडे एका कंपनीत पहारेकरी आहे, त्याचा जुना गणवेश. खांद्यावरची पट्टी उसवून काढलेली, त्यामुळे तेवढी जागा गडद राहिलेली. वरच्या खिशात मोबाइल.

सरांनी टोळीवर नजर फिरवली आणि हिलाच निवडले. चेहरा फार चांगला आहे, म्हणाले. मग मला बाजूला घेऊन अगदी मृदू आवाजात म्हणाले, "बाई, तिला तेवढा तो शर्ट काढून ठेवायला सांगाल का? एवढे सुंदर दृश्य आणि मधेच तो सिक्युरिटीचा शर्ट."

मी वाफ्याच्या कडेला गेले आणि तिला सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले, मग सरांकडे, मग बांधावर मोबाइल पाहत बसलेल्या पिकअपवाल्याकडे. आणि हळू म्हणाली, "बाई, शर्ट हाय म्हणून वाकता येतं."

या वाक्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मीही बाई आहे. दिवसभर वाकून, उकिडवे बसून काम करायचे, हात चिखलाने भरलेले, पदर सावरायला हात मोकळा नाही, आणि बांधावर कोणी ना कोणी पुरुष बसलेला. ऊन आणि थंडी ही कारणे आहेतच, पण पहिले कारण हे. शर्ट अंगात असला की पाठ उघडी पडली की पोट, याचा विचार न करता ती रोपाकडे पाहू शकते. हे सगळे मला त्या क्षणी कळले होते. तरी मी म्हणाले, "थोडाच वेळ गं. माझ्यासाठी."

तिने बटणे सोडली. शर्टाची नीट घडी घातली, बांधावर ठेवली, वर मोबाइल ठेवला. हे तिने केले ते मी सांगितले म्हणून. दुसऱ्या कोणी सांगितले असते तर तिने ऐकले नसते.

पुढे एकेक गोष्ट वाढत गेली. जुड्या खताच्या रिकाम्या गोणीत होत्या. सरांनी गाडीतून बांबूची पाटी आणवली आणि जुड्या तिच्यात ठेवल्या. ठिबकच्या नळ्यांचे वेटोळे उचलून ठेवायला लावले. तिला मान वर करून, किंचित वळून बसायला सांगितले. आवळून खोचलेला पदर थोडा सैल हवा होता. तेही मीच सांगितले. इतर बायकांना या प्रकाराची मोठी गंमत वाटत होती. "बस गं राणीवानी, तुझी पात आमी वढतो," शेजारची म्हणाली. किती वेळ बसायचे, असे कोणी विचारले. दोन तास, हलायचे नाही, असे कळल्यावर मागून उत्तर आले, "मंग निजूनच काढा म्हणावं. तेवढीच पाठ टेकंल."

आणि खरोखरच त्यांनी तिची पात ओढली. ती बसली होती तिथेच राहिली, आणि दोघी शेजारणी तिच्या मागची जमीन लावत लावत लांब निघून गेल्या. दोन तासांनी तिच्या चहूबाजूंना रोप होते आणि फक्त ती बसली होती तेवढा पाटाएवढा तुकडा उघडा होता. उठताना तिला तो तुकडा लावून, रोपांवरून जपून पाय टाकत बाहेर यावे लागले, तेव्हा सगळ्या हसल्या. तीही हसली. बांधावर येऊन तिने सगळ्यात आधी शर्ट घातला, वरचे बटण लावले आणि मगच पाणी प्याली.

मीही त्या दिवशी चित्र काढले. हे लपवणार नाही. सरांच्या मागे बसून, ते जे पाहत होते तेच मी पाहिले. माझे चित्र वाईट होते, एवढाच फरक.

फाल्गुनात जुन्नरला प्रदर्शन भरले. बसस्थानकाजवळ मोठा फलक लागला आणि फलकावर सरांनी शेतात काढलेले तेच चित्र होते. 'धरतीची लेक' असे नाव. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ते पाहिले आणि पाहतच राहिले. हात दंडापर्यंत उघडे, पाठ उघडी, कंबर उघडी, पदर खांद्यावरून घसरतो आहे की नाही अशा बेताचा, आणि सगळ्या अंगावर सकाळचे ऊन मधासारखे उतरलेले. रंगवण्यात कसूर नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले. तिचा अंगठा, जो चिखल दाबून दाबून काळा पडला आहे आणि ज्याच्या नखाला चीर आहे, तो चित्रात गुळगुळीत होता. ओठांवर हसू होते. दोन तास मान वळवून बसलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर मी तरी हसू पाहिले नव्हते.

बाजाराच्या दिवशी ती दोन मैत्रिणींना घेऊन प्रदर्शनाला आली. मीच बोलावले होते. चित्रासमोर उभ्या राहिल्यावर पहिली बोलली ती शेजारची पात लावणारी. "अगं बया, ही तर लावल्याल्या रोपावरच बूड टेकून बसलीया. शेतकरी हाणंल हिला." मी निरखून पाहिले आणि ते खरे होते. तिच्याखालचा तो पाटाएवढा उघडा तुकडा सरांनी हिरवा करून टाकला होता. चित्र तिथे लागून बरेच दिवस झाले होते, शहरातून जाणकार येऊन गेले होते, भाषणे झाली होती. कांदा लावणारी बाई कांद्यावर बसत नाही, हे एकाच्याही ध्यानात आले नव्हते. दोघी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. ही हसली नाही. चित्राच्या कडेपर्यंत नजर नेली, परत आणली, आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "बाई, माझा शर्ट कुटंय?"

मी म्हणाले, "बांधावर होता ना. बांध चित्रात आलेला नाही." भूगोलाच्या शिक्षिकेला शोभेल असे उत्तर मी दिले.

पुढच्याच आठवड्यात ती एकटी माझ्या घरी आली. चहा घेतला नाही. ती जे बोलली ते मी थोडक्यात सांगते. फलक पाहिल्यापासून पिकअपवाला रोज पहाटे, बायका गाडीत चढू लागल्या की, सगळ्यांच्या देखत तिला विचारी की आज शर्ट काढायचा कार्यक्रम नाही का. पहिल्या दिवशी तिने दुर्लक्ष केले, दुसऱ्या दिवशी झापले, तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने बांधावरून तेच विचारले. शर्ट ज्या मुलाचा होता त्याच्या मोबाइलवर कोणीतरी फलकाचा फोटो पाठवला आणि तो दोन दिवस आईशी बोलला नाही. "गाडी म्या बदलली," ती म्हणाली. "नवा गाडीवाला म्हातारा हाय, खाली बगून चालवतो. पर चित्र मला बदलता येत न्हाई. ते तुमी बगा, बाई. शर्ट घाला म्हनावं मला."

तिचे मागणे एवढेच होते. चित्र फाडा, खाली उतरवा, असे ती म्हणाली नाही. शर्ट घाला म्हणाली.

मी सरांकडे गेले. पुढच्या तासाला, सगळ्यांसमोर, कारण एकटीने गाठण्याचे धैर्य नव्हते. मी म्हणाले की त्या बाईची इच्छा आहे, चित्रात शर्ट यावा. सर रागावले नाहीत. ते रागावत नाहीत. म्हणाले, "बाई, चित्र म्हणजे हजेरीपट नव्हे. सत्य तपशिलात नसते. तो आकाशी रंग आला असता तर सगळी रचना कोसळली असती." मी वही उघडली. "पण आपणच सांगितले होते, जे दिसते तेच रंगवा." ते हसले आणि म्हणाले की ते नवशिक्यांसाठी असते.

तेव्हा चाचा बोलले. ते वर्गात फारसे बोलत नसत. "सर, पौषात माझ्या दुकानातून सगळ्यात जास्त कुठला माल जातो, सांगू? मोठ्या मापाचा, लांब बाह्यांचा शर्ट. आणि नेतात बायका. आता मीच चित्रातून तो गाळला, तर माझी दुकानदारी काय कामाची?" सर म्हणाले, तो व्यापार झाला, ही कला आहे. आणि शिवाय चित्र आता त्यांचे राहिलेले नाही; जुन्नरजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्राने ते घेतले आहे, भोजनगृहात लागणार आहे.

ते एक वाक्य, शर्ट हाय म्हणून वाकता येतं, माझ्या जिभेच्या टोकावर होते. ते मी उच्चारले असते तर कदाचित सर ऐकतेही. पण समोर पुरुष बसलेले, आणि वाकणे, अंग, पदर हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचे, या संकोचाने मी गप्प राहिले. ती चिखलात बसून जे सहज बोलून गेली ते मला पंख्याखाली बसून बोलता आले नाही. मी खाली बसले आणि पाण्याच्या वाटीत ब्रश धुऊ लागले.

घरी आल्यावर मी त्या परदेशी चित्राची आमच्याकडची छोटी प्रत काढून पाहिली. त्या तिन्ही बायकांच्या डोक्याला फडकी घट्ट बांधलेली आहेत. अंगावर जाडेभरडे, जड कपडे आहेत. त्या वाकल्या आहेत आणि त्यांचे चेहरे धड दिसतही नाहीत. म्हणजे ज्याने ते चित्र काढले त्याने त्यांना मान वर करा म्हटले नाही, कपडे उतरवा म्हटले नाही. सरांनी आम्हांला ते चित्र दाखवले, त्याच्यावर तासभर बोलले, आणि त्यात जे उघड दिसत होते तेच त्यांनी पाहिले नव्हते. ज्या बाईचे आयुष्य वाकण्यात गेले तिला ताठ बसवायचे, जिने अंग झाकण्यासाठी मुलाचा गणवेश उसवला तिचे अंग उघडे करायचे, खताची गोणी काढून पाटी ठेवायची, आणि याला श्रमाचा गौरव म्हणायचे! त्यापेक्षा देव आणि सरदार रंगवलेले बरे. त्यांना पहाटे पिकअपमध्ये चढायचे नसते.

मी माझे त्या दिवशीचे चित्र बाहेर काढून बसले. त्यात शर्ट घालता येतो का, हे पाहावे म्हटले. जलरंगात ते होत नाही. कातडीचा तांबूस रंग एकदा कागदात मुरला की त्यावर आकाशी चढत नाही, मळकट जांभळे काहीतरी होते. मला येत नव्हते म्हणून झाले नाही. सरांच्या तैलरंगात ते एका दुपारचे काम होते. त्यांना येत होते आणि त्यांनी केले नाही.

चैत्रात कांदा काढणीला आला तेव्हा मी पुन्हा शेतात गेले, एकटी. ती म्हणाली, बसायला सवड नाही, लांबून काढा, मी वाकलेलीच असणार. मी सकाळपासून उन्हे डोक्यावर येईपर्यंत लांब बसले. कागदावर शेवटी एक वाकलेली आकाशी पाठ उतरली, खांद्यावर गडद पट्टीची खूण, आणि बाजूला गोणी. चेहरा नाही. हात जेमतेम. तिने पाहिले आणि म्हणाली, "पाठ माजीच हाय. पर कांदं लई बारकं काढलं तुमी." ते चित्र कोणी विकत घेणार नाही, आणि भोजनगृहात लावणार तर नाहीच.

त्या केंद्राच्या मालकांना मी पत्र लिहिले. सगळे लिहिले, ते वाक्यदेखील. त्यांचे उत्तर नम्र होते. भावना समजतात, परंतु पाहुण्यांना ते चित्र फार आवडते. अनेकजण त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मी ते उत्तर तिला वाचून दाखवले. ती बांधावर भाकरी खात होती. हातातली भाकरी तिने संपवली. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसून म्हणाली, "शाळंत तुमी काय चुकलं की लिवून आना म्हनायच्या. आता तुमीच लिवा."

म्हणून लिहिले. ती अजून टोळी घेऊन जाते, खाली पाहून गाडी चालवणाऱ्या त्या म्हाताऱ्याबरोबर, आणि त्या रस्त्यावरून जाताना केंद्राची कमान लागते तेव्हा मैत्रिणी मुद्दाम दुसरीकडचे काहीतरी बोलू लागतात. आत सुटीच्या दिवशी शहरातून आलेली माणसे पिठले-भाकरी खातात, पानात कांदा फोडून दिलेला असतो, आणि समोर भिंतीवर ती बसलेली असते, लावलेल्या रोपावर, उघड्या पाठीने, हसत.

कधी तुम्हीही तिथे जेवायला बसाल. तेव्हा तिचा शर्ट कुठे आहे, असे तुम्ही विचाराल का?